पोथीतली न बदलणारी अक्षरे

दिवाळीची आवराआवर निघाली की आमच्या घरी माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, आणि त्यांतली एक ट्रंक दरवर्षी मला अर्धा दिवस जागेवर बसवून ठेवते. तीत आजेसासऱ्यांची बाडे आहेत. आरत्या, पदे, भूपाळ्या यांचे एकच बाड घरातल्या तीन पिढ्यांनी तीनदा उतरून काढले. जुन्या प्रतीची शाई उडत चालली म्हणजे पुढच्या कुणीतरी नवी प्रत करायची, अशी रीत. दहा वर्षांपूर्वी मी सहज म्हणून तिन्ही प्रती शेजारी-शेजारी मांडल्या आणि ओळीवर ओळ ठेवून वाचू लागले. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले होते, काही शब्द गळाले होते. एके ठिकाणी तर आजोबांच्या वळणदार ‘घ’चा मुलाने ‘ध’ केला आणि नातवाने त्या ‘ध’ला अर्थ यावा म्हणून पुढचा शब्दही बदलून टाकला! पण एक गोष्ट पाहून मी थबकले. पदांची ध्रुपदे तिन्ही प्रतींत अक्षरशः एकसारखी होती. काना नाही, मात्रा नाही, कशाचाही फरक नाही.

कारण उघड आहे. ध्रुपद रोज संध्याकाळी सारे घर म्हणत असे. त्यात चूक शिरली तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी टोकले असते. जे वर्षातून एकदा वाचले जाई तिथे चुका सुखाने नांदल्या. जे रोज उपयोगात होते तिथे चुकीला घरात थारा मिळाला नाही. जे बदलले नाही, त्यावर सर्वांत जास्त काम पडत होते. एवढे एक सूत्र वाचकांनी गाठीला बांधून ठेवावे. पुढे मी जी हकीकत सांगणार आहे ती सारी या एका सूत्रावर उभी आहे, आणि ती पोथीपुराणाची नसून पदार्थविज्ञान, रसायन आणि संगणक यांच्या मुलखातली आहे.

आमच्या बीड जिल्ह्याला हस्तलिखितांचे अप्रूप सांगावे लागत नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्या पुरुषाने ‘पंचीकरण’ लिहून काढले. गोदावरीच्या पलीकडे पैठण. तिथे नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. ग्रंथ लिहून तेव्हा तीन शतके होत आली होती आणि लोकांनी त्यात आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. पुढे पुण्यात भांडारकर संस्थेने तेच काम महाभारतावर केले. १९१९ साली आरंभलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. देशभरातल्या बाराशेंवर हस्तलिखितांची त्यासाठी छाननी झाली. अनेक प्रती समोर मांडायच्या, सर्वांत काय समान आहे ते शोधायचे आणि त्यावरून मुळाकडे जायचे, ही विद्या महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली आहे.

आता दुसऱ्या एका पोथीकडे वळू. ही पोथी आपल्या प्रत्येकाच्या शरीरात आहे.

प्रथिने म्हटली की आपल्याला डाळी, दूध आणि अंडी आठवतात. पण शरीरातले जवळजवळ प्रत्येक काम प्रथिनेच करतात. अन्न पचवणारी तीच, रक्तातून प्राणवायू वाहून नेणारी तीच, रोगाशी झुंजणारीही तीच. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक माळ. तिचे मणी वीस प्रकारचे. या मण्यांना शास्त्रज्ञ अमिनो आम्ले म्हणतात. आपण त्यांना अक्षरे म्हणू. वीस अक्षरांच्या लिपीत लिहिलेली ही ओळ कधी पन्नास अक्षरांची असते, कधी हजाराच्या पुढे जाते. माळ तयार झाली की ती आपोआप विशिष्ट तऱ्हेने गुंडाळली जाते आणि तिला एक आकार येतो. कुलपाची किल्ली जशी तिच्या दात्यांमुळे चालते, तसे प्रथिन त्याच्या आकारामुळे चालते.

ही ओळ आईबापांकडून मुलांकडे येते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या उतरून काढली जाते. आणि उतरवणे आले तिथे चुका आल्याच. फरक एवढाच, की पोथीत चूक करणारा लेखक जगतो आणि चूकही जगते. इथे मात्र मोक्याच्या अक्षराची चूक झाली तर तो जीवच बहुधा वाढत नाही, आणि चूक त्याच्याबरोबर नाहीशी होते. बिनमहत्त्वाच्या जागी झालेली चूक खुशाल पुढे जाते. म्हणूनच माणूस, घोडा, मासा, गहू यांच्यातले एकच प्रथिन घेऊन ओळी एकाखाली एक मांडल्या, की काही जागी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि काही जागी सरळ उभी रेघ मारावी तसे एकच अक्षर खालपर्यंत उतरत गेलेले दिसते. ती त्या प्रथिनाची ध्रुपदे.

या शोधाच्या वाटेवर फार आरंभीच एक मराठी मुलगी उभी आहे. तिचे नाव कमला भागवत. लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. मराठी वाचकांना तिची थोरली बहीण अधिक ठाऊक आहे, ती म्हणजे दुर्गाबाई भागवत. एक बहीण लोककथांच्या पाठभेदांत रमली आणि दुसरी पेशींच्या.

कमलाबाईंचा जन्म १९११चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली आणि त्याच संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण? अर्जदार स्त्री होती.

ही मुलगी रडत घरी बसली नाही. ती वडील-चुलत्यांबरोबर बंगळूरला गेली आणि रामन यांच्यापुढे उभी राहून तिने कारण विचारले. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस. तिनेही तोच मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष तिला उमेदवार म्हणून राहावे लागेल; मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीही, काम करावे लागेल; आणि तिच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये! तिने अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ साली तिने पदवी घेतली. वर्षभरात रामन यांचेही मत पालटले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. परंतु त्या पहिल्या नकाराचा सल कमलाबाईंच्या मनातून गेला नाही. ऐंशी ओलांडल्यावरही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तिथे डेव्हिड केलिन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२५ साली पेशींतल्या एका रंगीत द्रव्याला ‘सायटोक्रोम’ हे नाव दिले होते. आपण श्वास घेतो, अन्न खातो. या दोहोंचा मेळ पेशीत घडून शक्ती निर्माण होते. त्या कामात विजेचे कण एका हातातून दुसऱ्या हातात देणारा एक हरकाम्या असतो, तो हा सायटोक्रोम सी. जनावरांच्या स्नायूंत आणि किण्वात तो सापडला होता. वनस्पतींचे काय? त्याही श्वास घेतात. मग त्यांच्यातही तो असावा का? कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम केले आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचे दाखवून दिले. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा! १९३९ साली केंब्रिजने त्यांना डॉक्टरेट दिली. विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

त्या चाळीस पानांचा अर्थ काय होता? माणसाच्या काळजात जो हरकाम्या राबतो तोच भाजीवाल्याच्या टोपलीतल्या बटाट्यातही राबतो, असा. त्या वेळी कुणालाही प्रथिनाची अक्षरे वाचता येत नव्हती. ती किमया फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनवर साधली. त्याची एक्कावन्न अक्षरे १९५५ पर्यंत पुरी वाचून झाली. पुढे १९६१ साली एमॅन्युएल मार्गोलियाश आणि त्यांचे सहकारी यांनी घोड्याच्या हृदयातल्या सायटोक्रोम सीची एकशे चार अक्षरे लावून दाखवली. मग माणसाची, किण्वाची, कोंबडीची, गव्हाची अशा ओळींवर ओळी जमू लागल्या.

आणि त्या शेजारी मांडल्यावर काय दिसले? माणूस आणि चिंपांझी यांच्यात एकाही अक्षराचा फरक नाही. माणूस आणि ऱ्हीसस माकड यांच्यात एकाचा. माणूस आणि घोडा यांच्यात बारांचा. किण्वापर्यंत गेले तर चाळीसहून अधिक अक्षरे बदललेली. वॉल्टर फिच आणि मार्गोलियाश यांनी १९६७ साली अशा वीस ओळींतल्या फरकांवरून जीवांची वंशावळ मांडून दाखवली. आमच्या ट्रंकेतल्या बाडांची वंशावळही अशीच लागली असती.

परंतु फरकांहून अधिक बोलकी होती ती समान अक्षरे. चौदाव्या आणि सतराव्या जागी सिस्टीन, अठराव्या जागी हिस्टिडीन, ऐंशीव्या जागी मेथिओनीन. आणि सत्तरपासून ऐंशीपर्यंत अकरा अक्षरांचा एक सलग तुकडा, जो तोवर वाचलेल्या माणसापासून किण्वापर्यंतच्या साऱ्या ओळींत जसाच्या तसा! का? हीम नावाची लोह धरून बसलेली एक तबकडी या प्रथिनाच्या पोटात असते आणि सारे काम तिच्या जिवावर चालते. दोन सिस्टीन तिला दोन बाजूंनी पक्के धरतात. हिस्टिडीन आणि मेथिओनीन तिच्यातल्या लोखंडाला वरून-खालून आवळतात. यांतले एक अक्षर हलले की तबकडी ढिली झाली, आणि तबकडी ढिली झाली की पेशीचा श्वास अडला.

इथे दुसऱ्या एका मराठी माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी व्यवसायाने गणिती होते. भर्तृहरीच्या नावावर चालणारी शेकडो सुभाषिते त्यांनी तीनशेंहून अधिक हस्तलिखितांतून ताडून पाहिली आणि १९४८ साली चिकित्सक आवृत्ती काढली. साऱ्या परंपरांत सामान्यपणे आढळणारी सुमारे दोनशे सुभाषिते त्यांनी वेगळी काढली, शंकास्पद वेगळी, मागाहून शिरलेली वेगळी. याच कोसंबींनी १९४४ साली आनुवंशिकीत एक सूत्र मांडले. गुणसूत्रावरच्या दोन घटकांमधले अंतर मोजण्यासाठी ते ‘कोसंबी सूत्र’ आजही जगभर वापरतात. पोथी आणि पेशी या दोहोंच्या वंशावळीत एकाच माणसाने हात घातल्याचे असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

असो. ओळी वाढू लागल्या तशी त्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न आला. अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ या बाईंनी १९६५ साली तोवर वाचलेल्या पासष्ट प्रथिनांचे एक पुस्तकच छापले. जगातली सारी ज्ञात प्रथिने एका लहानशा पुस्तकात मावत होती असा तो काळ! वीस अमिनो आम्लांना एकेक अक्षर देण्याची पद्धतही त्यांचीच, संगणकात जागा वाचावी म्हणून काढलेली. प्रथिनांच्या आकारांसाठी १९७१ साली वेगळी पेढी निघाली. आरंभी तीत सात आकार होते, २०२३ साली दोन लाख झाले. अशा ढिगातून बोट फिरवून समान जागा शोधणे माणसाच्या आवाक्यातले राहिले नाही. तिथे संगणक आला.

स्वित्झर्लंडच्या आमोस बैरोख यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रथिनांच्या ध्रुपदांची एक सूची केली. तिचे नाव प्रोसाइट. सायटोक्रोमचे ध्रुपद तीत साधारण असे: सिस्टीन, मग बहुतेक कोणतीही दोन अक्षरे, मग सिस्टीन, मग हिस्टिडीन. तुमच्याजवळ अनोळखी प्रथिनाची ओळ असली तर ती सूचीशी ताडून पाहायची. ध्रुपद जुळले तर कूळ कळले. १९९३ साली ही सूची आंतरजालावर आली आणि कुणालाही खुली झाली. त्याआधी १९९० साली ‘ब्लास्ट’ हे साधन निघाले होते; ते एका ओळीसारख्या दुसऱ्या ओळी लाखांच्या ढिगातून चुटकीसरशी काढून देते. इस्रायलमधल्या तेल अवीवच्या विद्वानांनी ‘कॉनसर्फ’ केले. त्यात प्रथिनाच्या आकारावर रंग भरून मिळतो. न बदललेल्या जागा गडद जांभळ्या, बदलत्या जागा निळसर. गडद डाग दिसला की समजावे, कामाची जागा इथे आहे.

पण नुसत्या अक्षरांवर भिस्त ठेवली तर फसगतही होते. चार-पाच अक्षरांचे ध्रुपद कुठेही योगायोगाने जुळू शकते. ‘राम’ ही दोन अक्षरे ‘आराम’मध्येही येतात, म्हणून आरामखुर्ची काही रामायणात जात नाही. उलट, अक्षरे पार बदलली तरी आकार मात्र टिकून राहिला, असेही घडते.

याचा नमुना आपल्या शेतात आहे. श्रावणात सोयाबीनचे रोप मातीसकट अलगद उपटावे. मुळांना बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडावी. आत चक्क गुलाबी-लाल रंग! तो लेगहीमोग्लोबिन या प्रथिनाचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हीमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. देवमाशाच्या स्नायूंत प्राणवायू धरून ठेवणारे मायोग्लोबिन आणि शेंगवर्गीय झाडाच्या गाठीतले हे प्रथिन यांच्या ओळी जुळवल्या तर शंभरात वीस अक्षरेही जुळत नाहीत. पण दोघांचे आकार एकमेकांवर ठेवले की गुंडाळी तीच, हीमची खोबण तीच, लोखंडाला धरणारे हिस्टिडीनही तिथेच. शब्द बदलले, चाल राहिली. म्हणूनच डाली, फोल्डसीक अशी साधने निघाली. ती अक्षरे बाजूला ठेवून आकाराशी आकार ताडतात.

आकाराच्या या विद्येत भारताचा मान मोठा आहे. मद्रासचे गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांनी १९६३ साली सहकाऱ्यांसह एक आलेख काढला. प्रथिनाची माळ कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत अणूंची टक्कर होते, हे त्यावरून कळते. जगात कुठेही कुणी प्रथिनाचा आकार मांडला, की तो रामचंद्रन आलेखाच्या कसोटीवर घासून पाहण्याची रीत आहे.

याच रामचंद्रन यांच्याबरोबर १९७३ साली ज्यांचा शोधनिबंध छापला गेला, ते अशोक कोळस्कर पुढे पुणे विद्यापीठात आले. विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र केंद्राची स्थापना १९८७ची. १९९० साली कोळस्कर आणि टोणगावकर यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. रोगजंतूच्या प्रथिनाचा नेमका कोणता तुकडा शरीराचे पहारेकरी ओळखतील, हे अक्षरांवरून सांगणारी. प्रयोगाने ठाऊक असलेल्या जागा तपासून त्यांनी प्रत्येक अक्षराला वजन दिले. भाकित सुमारे पंचाहत्तर टक्के खरे ठरत असे. पद्धत इतकी सोपी की तिचा प्रसार झपाट्याने झाला. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या प्रतिकारमाहितीकोशाच्या जालस्थळावर ‘कोळस्कर आणि टोणगावकर’ अशी दोन मराठी आडनावे साधनाचे नाव म्हणून छापलेली आहेत, आणि परदेशांतले विद्यार्थी ती आपल्या परीने उच्चारतात!

हे काम कागदावरचे नव्हते. जपानी मेंदूज्वर हा डासांमार्फत पसरणारा रोग मुख्यतः लहान मुलांना गाठतो. १९७३ साली बंगालमध्ये बांकुरा-बर्दवानकडे त्याची मोठी साथ आली. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात हजाराहून अधिक बळी गेले, त्यांत बहुतेक मुले. आपल्या विदर्भातही हा रोग डोकावतो. पुण्यातल्या विषाणुसंस्थेचा, जी १९५२ साली स्थापन झाली, या रोगावर दीर्घ अभ्यास होता. पण विषाणूच्या अंगावरच्या मुख्य प्रथिनाचा आकार कुणालाच माहीत नव्हता. १९९५ साली युरोपात त्याच कुळातल्या, गोचिडीने पसरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाचा आकार उलगडला. कोळस्कर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी त्याचा आधार घेतला. दोन्ही प्रथिने सुमारे पाचशे अक्षरांची. या कुळात बारा सिस्टीन ठरलेल्या जागी असतात आणि सहा गाठी मारून आकार बांधून ठेवतात. त्या गाठींच्या खुणेने त्यांनी आपल्याकडच्या विषाणूच्या प्रथिनाची प्रतिकृती संगणकावर उभी केली आणि पहारेकरी कुठे पकड घेतील त्या जागा दाखवल्या. तो निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. २०१२ साली त्या प्रथिनाचा आकार प्रयोगशाळेत प्रत्यक्ष उलगडण्यात आला. २००५ साली कुलकर्णी-काळे, भोसले आणि कोळस्कर यांनी आकारावरून अशा जागा शोधणारे साधनच जालावर ठेवले. त्या जातीचे ते पहिले.

यात एक बारकावा आहे. न बदलणारी जागा म्हणजे लशीसाठी हमखास उत्तम जागा, असे नव्हे. या विषाणुकुळाच्या प्रथिनाला एक टोक असते; त्यानेच विषाणू पेशीच्या पापुद्र्यात शिरतो. ते डेंगी, मेंदूज्वर या सर्वांत जवळपास सारखे. परंतु ते आत दडलेले असते. त्याविरुद्ध तयार होणारे पहारेकरी अनेक विषाणूंना ओळखतात खरे, पण पुष्कळदा एकालाही धड रोखत नाहीत. साधन जागा दाखवते. तिचा उपयोग माणसालाच ठरवावा लागतो.

अलीकडे तर नवल घडले. २०२० साली ‘अल्फाफोल्ड’ या संगणकप्रणालीने नुसत्या ओळीवरून प्रथिनाचा आकार जवळजवळ अचूक सांगितला. २०२२पर्यंत वीस कोटींहून अधिक आकार जालावर खुले झाले. तिच्या कर्त्यांना २०२४चे नोबेल मिळाले. पण ती सुरुवात कुठून करते? एकाच प्रथिनाच्या अनेक जीवांतल्या ओळी एकाखाली एक मांडून. म्हणजे पुन्हा तीच ट्रंक, त्याच प्रती.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहाव्यात आणि खेड्यातल्या मुलांना शिकवावे, एवढाच माझा व्याप. हे सारे मला शिकवले ते माझ्याच एका विद्यार्थिनीने. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाची उचल दोघांच्या अंगावर असते. ती हंगामी वसतिगृहात राहून शिकली आणि आता पुण्यात जैवमाहितीशास्त्र शिकते. गेल्या दिवाळीत ती आमच्या ओसरीवर बसली होती. हातातल्या भ्रमणध्वनीवर तिने माणसाचा सायटोक्रोम सी उघडला, बटाट्याच्या कुळातला उघडला, आणि म्हणाली, “बाई, हे बघा तुमचं ध्रुपद.” मी विचारले, “याला पैसे किती पडतात?” ती हसली. “काहीच नाहीत. केंब्रिजवाल्यांना जे दिसतं तेच आपल्या ओसरीवर दिसतं.”

त्या रात्री मला कमलाबाई आठवल्या. एकोणीसशे तेहतीस साली दारावर माणूस उभा होता आणि ‘मुलगी आहेस, परत जा’ म्हणत होता. आज या दाराला दारवानच नाही. पण म्हणून आमच्या सगळ्या मुली आत जातात असे मला म्हणता येत नाही. दारापर्यंतचा रस्ता उसाच्या फडातून जातो.

त्या विद्यार्थिनीची धाकटी बहीण माझ्या वर्गात आठवीला आहे. यंदा श्रावणात तिने वर्गापुढे सोयाबीनची गाठ फोडून दाखवली. मग बहिणीकडून सायटोक्रोमची एकशे चार अक्षरे मागवून तिने ती वहीत उतरून काढली. सत्तर ते ऐंशी ही अकरा अक्षरे लाल पेन्सिलीने घेरली. तिची आई वही उलटून पाहत होती. तिला अक्षरे वाचता येत नाहीत. तिने विचारले, “हे लाल काय गं?” पोरीने सांगितले, “ही सगळ्यांची सारखी असतात, आये. तुझी, माझी, शेठची, मुकादमाची. घोड्याची पण.” आई बराच वेळ त्या लाल घेराकडे पाहत राहिली.

भाऊबीज झाली की टोळीची गाडी निघेल. आईचे म्हणणे, पोरीला इथे ठेवावे. बापाचे अजून ठरत नाही. शेजारच्या गावात एक स्थळही कुणी सुचवले आहे. परवा मी त्यांच्याकडे फराळाचा डबा घेऊन जाणार आहे. ती वही बरोबर नेईन. बंगळूरच्या त्या मुलीची गोष्ट बापाला सांगेन, आणि वसतिगृहातली तिची खाट मी आधीच राखून ठेवली आहे हेही सांगेन.